घरगुती बांधणीची शर्यतीची मोटार आणि मोटारसायकलचे इंजिन : निवडीचा इतिहास

बीजशब्द : मोटारसायकल इंजिन, एकआसनी शर्यतीची मोटार, कूपर ५००, फॉर्म्युला मारुती, विद्यार्थी फॉर्म्युला, तंत्रज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना :

मोटारीचा सांगाडा घरी बांधता येतो. लोखंडी नळ्या मापाने कापणे, त्या जोडणे, बसण्याची जागा आणि सुकाणूचा दांडा बसवणे ही कामे चांगल्या वेल्डिंगच्या दुकानात होतात. पत्रा ठोकणारा कारागीर तालुक्याच्या गावीही मिळतो. इंजिन मात्र घरी होत नाही. त्यासाठी ओतकाम, क्रँकशाफ्टचे संतुलन, सिलिंडरच्या आतील पृष्ठभागाची सूक्ष्म घासाई आणि हजारांश मिलिमीटरपर्यंतची अचूकता लागते. त्यामुळे स्वतःच्या हाताने शर्यतीची मोटार बांधू पाहणारा प्रत्येक जण एका टप्प्यावर बाजाराकडे वळतो, आणि त्या वेळी बाजारात जे इंजिन मिळते तेच त्याच्या गाडीचा आकार, वजन, वेग आणि खर्च ठरवते. घरगुती बांधणीच्या मोटारींचा इतिहास हा म्हणूनच बऱ्याच अंशी इंजिनाच्या निवडीचा इतिहास आहे.

इंजिन ही वस्तू वाहनापासून वेगळी करून दुसऱ्या कामाला जुंपता येते, हे ग्रामीण महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. विहिरीवर पाणी उपसणारे ऑइल इंजिन हंगाम संपला की पट्टा चढवून पिठाच्या गिरणीला किंवा कडबा कापण्याच्या यंत्राला लावले जाई. मूर्तिजापूरहून अंजनगावमार्गे अचलपूरला जाणारी आणि दुसऱ्या फाट्याने यवतमाळला पोहोचणारी शकुंतला रेल्वे वऱ्हाडात सर्वांच्या परिचयाची. १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेल्या तिच्या वाफेच्या इंजिनाला १९९४ मध्ये निवृत्ती मिळाली व डिझेलचे इंजिन आले. रूळ आणि गाडी तीच राहिली. वाहन आणि त्याची शक्ती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, ही समज येथे जुनी आहे.

शर्यतीच्या मोटारीसाठी मोटारसायकलचे इंजिन घ्यावे की मोटारीचे, या प्रश्नाचे उत्तर सर्व काळी एकच राहिलेले नाही. १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये ते मोटारसायकलच्या बाजूने होते. १९८० च्या दशकात भारतात ते मोटारीच्या बाजूने गेले. २०१३ नंतर भारतातच ते पुन्हा मोटारसायकलकडे वळले. हे बदल का झाले याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सर्बिटन येथील गॅरेज :

मोटारसायकलचे इंजिन चार चाकांना जोडण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धाहून जुनी आहे. १९१० च्या सुमारास इंग्लंड व फ्रान्समध्ये ‘सायकलकार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हलक्या, स्वस्त गाड्यांची लाट आली होती. मॉर्गन कंपनीच्या तीनचाकी गाड्यांना पुढच्या बाजूस उघडे दोन सिलिंडरचे इंजिन असे. पुढे स्वस्त व पक्क्या मोटारी कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागल्या आणि सायकलकारचे दिवस संपले. शर्यतीच्या छोट्या वर्तुळात, विशेषतः डोंगरचढणीच्या स्पर्धांत, हा प्रयोग मात्र टिकून राहिला.

महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनमध्ये पेट्रोल नियंत्रित होते, पोलाद दुर्मिळ होते आणि शर्यतीची तयार मोटार सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. ब्रिस्टल परिसरातील काही हौशी मंडळींनी अशा परिस्थितीत एक साधा नियम पुढे आणला : इंजिनाची क्षमता ५०० घन सेंटिमीटरपेक्षा (पुढे ‘सीसी’) अधिक नसावी. हा आकडा सहज निवडलेला नव्हता. त्या काळच्या ब्रिटिश मोटारसायकलींची ती सर्वांत रुळलेली क्षमता होती. मोटारींच्या कारखान्यांत एवढे लहान आणि तरीही जोमदार इंजिन कोणी करीत नव्हते. मोटारसायकलींच्या कारखान्यांत ते तयारच होते. नियम करणाऱ्यांनी बाजारात काय उपलब्ध आहे ते आधी पाहिले आणि मग नियम लिहिला. क्रीडासंघटनांच्या इतिहासात असे व्यवहारज्ञान क्वचितच आढळते.

या नियमाला अनुसरून १९४६ मध्ये लंडनच्या दक्षिणेकडील सर्बिटन येथे चार्ल्स कूपर, त्यांचा मुलगा जॉन आणि जॉनचा मित्र एरिक ब्रँडन यांनी आपल्या गॅरेजमध्ये पहिली गाडी बांधली. त्यासाठी त्यांनी फियाटच्या ‘टोपोलिनो’ या छोट्या मोटारीचे पुढचे भाग वापरले. एक भाग पुढे व तसाच दुसरा भाग उलट करून मागे जोडला, त्यामुळे चारही चाकांना स्वतंत्र झोका मिळाला. इंजिन होते जे. ए. प्रेस्टविच कंपनीचे, ‘जॅप’ या नावाने प्रसिद्ध असलेले एका सिलिंडरचे. मातीच्या गोल मैदानावरील मोटारसायकल शर्यतींसाठी ते बनवलेले होते. ते हवेने थंड होणारे, अत्यंत हलके आणि मिथेनॉल या इंधनावर चाळीसहून अधिक अश्वशक्ती देणारे होते.

इंजिन ठेवायचे कोठे? मोटारसायकलमध्ये शक्ती साखळीने मागच्या चाकाकडे जाते. मोटारीतही साखळीच वापरायची, तर इंजिन मागच्या आसाजवळ असणे सर्वांत सोयीचे. पुढे ठेवले असते तर लांबलचक दांडा, कोनीय दातेरी चाके आणि मोठा आस आला असता. म्हणजे वजन आणि खर्च दोन्ही वाढले असते. कूपर पितापुत्रांनी इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवले ते या सोयीपोटी. त्यामागे कोणताही मोठा सिद्धांत नव्हता. इंजिन मागे असलेल्या शर्यतीच्या मोटारी त्यापूर्वीही झाल्या होत्या. १९३० च्या दशकातील जर्मनीच्या ऑटो युनियन गाड्या प्रसिद्धच आहेत. परंतु त्या मोठ्या कारखान्याच्या पैशावर उभ्या राहिल्या आणि युद्धाबरोबर संपल्या. कूपरची मांडणी मात्र शेकडो हौशी स्पर्धकांच्या हातात गेली. १९५० मध्ये मोनॅको येथे हॅरी शेल याने जॅपचे ११०० सीसीचे दोन सिलिंडरी इंजिन बसवलेली कूपर जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत उतरवली. जॅक ब्रॅबहॅम याने १९५९ आणि १९६० अशी दोन वर्षे मागच्या इंजिनाच्या कूपरमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर काही वर्षांतच पुढे इंजिन असलेली मोटार या शर्यतींतून नाहीशी झाली. साखळीची लांबी वाचवण्यासाठी घेतलेला निर्णय एका संपूर्ण क्रीडाप्रकाराची रचना बदलून गेला.

१९५० मध्ये ५०० सीसीच्या या वर्गाला ‘फॉर्म्युला तीन’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. स्टर्लिंग मॉस यांनी १९४८ मध्ये याच प्रकारच्या गाडीतून आपली कारकीर्द सुरू केली होती. मान्यतेबरोबर स्पर्धा तीव्र झाली आणि इंजिनाच्या निवडीचा प्रश्न नव्याने उभा राहिला. जॅप स्वस्त होते, पण दीर्घ शर्यतीत ते कुरकुर करी. मुळात ते काही मिनिटांच्या फेऱ्यांसाठी बनवलेले होते. नॉर्टन कंपनीच्या ‘मँक्स’ या मोटारसायकलचे इंजिन अधिक भरवशाचे आणि अधिक वेगाने फिरणारे होते. अडचण अशी, की नॉर्टन कंपनी सुटे इंजिन विकण्यास राजी नव्हती. परिणामी स्पर्धक संपूर्ण नवी मोटारसायकल विकत घेत, तिचे इंजिन काढून मोटारीत बसवीत आणि उरलेला सांगाडा विकून टाकीत. तो सांगाडा उत्तम प्रतीचा असल्याने मोटारसायकलस्वारांनी त्यात ट्रायम्फचे इंजिन बसवायला सुरुवात केली आणि ‘ट्रायटन’ नावाची एक स्वतंत्र जात जन्माला आली. स्वस्त शर्यतीसाठी निघालेला हा वर्ग थोड्याच काळात महाग झाला, हेही येथे नोंदवले पाहिजे. ज्याच्याकडे संपूर्ण मँक्स घेण्याइतके पैसे, तोच पुढे राहू लागला आणि १९५० चे दशक संपता संपता हा वर्ग अस्तंगत झाला.

दोन चाकांचे इंजिन चार चाकांवर :

निवडीचा विचार केवळ अश्वशक्तीवर थांबत नाही. मोटारसायकलचे इंजिन ज्या परिस्थितीसाठी घडवलेले असते ती परिस्थिती मोटारीत बदलते, आणि हा बदल नेमका कोठे त्रास देतो हे जाणल्याशिवाय इतिहासातील निर्णयांचा अर्थ लागत नाही.

पहिली गोष्ट तेलाची. वळणावर मोटारसायकल आतल्या बाजूला कलते. त्यामुळे गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा बाहेर फेकणारा जोर यांची एकत्रित दिशा इंजिनाच्या तळाकडेच राहते, आणि तेल आपल्या जागी असते. मोटार कलत नाही. वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला की तेलाचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांनी तिरका होतो. तेल तळाच्या एका भिंतीवर चढते, तेलपंपाचे तोंड उघडे पडते आणि बेअरिंगला तेलाऐवजी हवा मिळते. वेगाने फिरणाऱ्या इंजिनात अशा काही क्षणांची उपासमारही घातक ठरते. यावर तळाशी पत्र्याचे आडोसे घालणे, तळ उथळ व रुंद करणे किंवा तेलाची टाकी वेगळी ठेवणे हे उपाय आहेत. गंमत अशी, की नॉर्टन आणि जॅपसारख्या जुन्या इंजिनांची तेलाची टाकी मुळातच वेगळी असे. त्यामुळे १९५० च्या दशकातील स्पर्धकांना या संकटाची झळ कमी लागली. आधुनिक मोटारसायकलींपैकी बहुतेकांत तेल इंजिनाच्या तळाशीच साठवलेले असते आणि तेथे हा प्रश्न तीव्र होतो. जुने ते मागासलेले असे सरसकट म्हणता येत नाही, याचे हे एक उदाहरण.

दुसरी गोष्ट थंड राहण्याची. हवेने थंड होणारे इंजिन मोटारसायकलवर वाऱ्यात उघडे असते. चालकाच्या पाठीमागे पत्र्याच्या आड गेले की त्याला तो वारा मिळत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा रेडिएटर हव्या त्या जागी बसवता येतो, हा त्याचा मोठा लाभ आहे. वऱ्हाडातील मे महिन्याचे तापमान ज्याने अनुभवले आहे त्याला यावर अधिक विवेचनाची आवश्यकता वाटणार नाही.

गिअरबॉक्सच्या बाबतीत पारडे मोटारसायकलच्या बाजूने झुकते. तिचा गिअरबॉक्स आणि क्लच आधुनिक रचनेत इंजिनाच्याच पोटात असतात. एकच नग विकत घेतला की तिन्ही गोष्टी हाती येतात, आणि गिअर एकामागून एक क्रमाने पडत असल्याने शर्यतीत वेळ वाचतो. मागे जाण्याचा गिअर नसतो, पण शर्यतीत त्याची गरज क्वचितच पडते. डिफरन्शियल मात्र नसते. दोन्ही मागची चाके एकाच अखंड दांड्यावर बसवली तर वळणावर एक चाक घसरते, गाडी सरळ जाऊ पाहते. हलक्या गाडीत हा दोष खपून जातो. जड गाडीत साखळीने फिरणारे वेगळे डिफरन्शियल बसवावे लागते आणि वाचवलेला पैसा तेथे खर्च होतो.

शेवटी वजन. मोटारसायकलच्या इंजिनाला सुमारे दीडशे किलोग्रॅमची गाडी आणि एक-दोन माणसे ओढायची सवय असते. गाडी जड झाली की क्लच लवकर झिजतो आणि सुरुवातीच्या वेगात इंजिन गुदमरते. म्हणून हा पर्याय केवळ खरोखर हलक्या, एकआसनी गाडीसाठी सार्थ ठरतो. पाच आसनांच्या मोटारीला मोटारसायकलचे इंजिन लावणारे प्रयोग बहुधा फसले, त्याचे कारण येथेच आहे.

भारतातील वेगळे उत्तर :

स्वातंत्र्यानंतरच्या भारतातही मोटारशर्यतीची हौस होती. विमानांच्या धावपट्ट्या त्यासाठी उपयोगी आल्या. मद्रासजवळचे शोलावरम, कलकत्त्याजवळचे बराकपूर आणि मुंबईतील जुहू येथे शर्यती झाल्या. मद्रास मोटार स्पोर्ट्स क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला. या मैदानांवर हौशी स्पर्धकांनी जुन्या मोटारींत फेरफार करून अनेक गाड्या उतरवल्या. तथापि कूपरसारखी मोटारसायकलच्या इंजिनावर उभी राहिलेली चळवळ येथे झाली नाही. हौशीची किंवा कौशल्याची उणीव होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कारण आकड्यांत सापडते.

१९५५ पासून मद्रासमध्ये एनफील्ड बुलेटचे उत्पादन सुरू झाले. तिचे ३४६ सीसीचे इंजिन सुमारे १८ अश्वशक्तीचे होते. कूपर ५०० च्या वर्गात गाडीचे किमान वजन २०० किलोग्रॅम होते. चालकाचे ७० किलोग्रॅम धरले आणि इंजिन ४५ अश्वशक्तीचे मानले, तर दर टनामागे सुमारे १६७ अश्वशक्ती येते. बुलेटचे इंजिन जड असल्याने चालकासह गाडी २९० किलोग्रॅमची धरावी. दर टनामागे येतात जेमतेम ६२. त्याच काळातील घरगुती वापराची फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, सुमारे ४० अश्वशक्तीची आणि ९०० किलोग्रॅमच्या आसपास वजनाची होती. चालकासह तिचे गुणोत्तर ४१ च्या घरात जाते. एवढा खटाटोप करून बांधलेली शर्यतीची गाडी घरच्या फियाटच्या दीडपटच जोमदार होणार असेल, तर तो खटाटोप कोण करील? मैसूरची २४९ सीसीची जावा आणि १७५ सीसीची राजदूत त्याहूनही लहान होत्या. परवाना पद्धतीमुळे परदेशी इंजिन आणणे सामान्य माणसाला शक्य नव्हते. बाजारात जे नव्हते ते गॅरेजमध्येही येऊ शकले नाही.

याच काळात महाराष्ट्रात एका वेगळ्या वाटेने प्रयत्न झाला. इचलकरंजी येथील शंकरराव कुलकर्णी यांनी सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार बांधण्याचा ध्यास घेतला. ‘मीरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या गाडीचा पहिला नमुना १९४९ मध्ये तयार झाला आणि १९७० च्या दशकापर्यंत त्यांनी तिच्या सुधारित आवृत्त्या बांधल्या. शेवटच्या आवृत्तीत मागच्या बाजूला दोन सिलिंडरचे लहान इंजिन होते. ही शर्यतीची गाडी नव्हती, हे खरे. तरीही प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे, कारण बाजारात योग्य इंजिन नसेल तर घरी बांधणाऱ्याला किती दूरचा रस्ता चालावा लागतो हे तीतून दिसते. कूपरने जेथे एका दुकानातून इंजिन आणले, तेथे कुलकर्णी यांची दोन दशकांहून अधिक वर्षे गेली, आणि ‘मीरा’ कारखान्याच्या उत्पादनापर्यंत पोहोचलीच नाही.

१९८३ या वर्षी दोन नव्या वस्तू भारतीय बाजारात आल्या. एक, एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत ३५०. यामाहाच्या रचनेची, ३४७ सीसीची, दोन सिलिंडरची आणि तिच्या अधिक शक्तीच्या प्रकारात सुमारे ३० अश्वशक्ती देणारी. दुसरी, मारुती ८००. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरी इंजिन चाळिसाहून थोड्या कमी अश्वशक्तीचे. केवळ वजन आणि शक्ती यांचे गणित मांडले तर एकआसनी गाडीसाठी राजदूत ३५० सरस ठरते. ते इंजिन बसवलेली २८० किलोग्रॅमची गाडी दर टनामागे शंभरावर अश्वशक्ती देईल; मारुतीचे इंजिन बसवलेली गाडी चालकासह ४७० किलोग्रॅमची धरल्यास ८३ च्या आसपास राहील. पण हा निर्णय केवळ गणिताने झाला नाही. राजदूत ३५० महाग होती, पेट्रोल फार पीत असे, तिचे सुटे भाग सहज मिळत नसत आणि दशक संपता संपता तिचे उत्पादनही थांबले. शिवाय ते इंजिन दोन धावांचे व हवेने थंड होणारे. पत्र्याआड कोंडल्यास पिस्टन जाम होण्याची भीती कायम. मारुतीचे इंजिन पाण्याने थंड होणारे, सौम्य आणि जिल्ह्याच्या प्रत्येक गावी दुरुस्त होणारे होते.

कोइंबतूर येथील उद्योजक आणि शर्यतपटू एस. करिवर्धन यांनी हे ओळखले. त्यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर आधारलेली स्वस्त एकआसनी गाडी घडवली. ‘फॉर्म्युला इंडिया सिंगल सीटर मारुती इंजिन’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘फिस्मे’ म्हणत. सर्वसामान्यांत ती ‘फॉर्म्युला मारुती’ म्हणून रुळली. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन यांनी आरंभीच्या शर्यती याच गाडीतून केल्या. करिवर्धन यांचे १९९५ मध्ये विमान अपघातात निधन झाले. कोइंबतूरजवळच्या शर्यतपथाला त्यांचे नाव आहे. जे काम ब्रिटनमध्ये जॅपने केले ते भारतात मारुतीने केले, असे म्हणता येईल. फरक एकच : कूपर ५०० ची नक्कल कोणीही आपल्या गॅरेजमध्ये करू शके, तर फॉर्म्युला मारुती काही मोजक्या कार्यशाळांतच बांधली गेली. स्पर्धक चालक झाला, बांधणारा झाला नाही.

चाकणचे इंजिन आणि विद्यार्थ्यांचे गणित :

बांधणारा पुन्हा पुढे आला तो महाविद्यालयांतून. अमेरिकेत १९८१ पासून ‘फॉर्म्युला एसएई’ नावाची स्पर्धा टेक्सास विद्यापीठात सुरू झाली. विद्यार्थ्यांनी स्वतः एकआसनी गाडी रचावी, बांधावी आणि चालवावी असे तिचे स्वरूप आहे. १९९८ मध्ये तिचे ब्रिटिश रूप आले. भारतात २००७ पासून मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे ‘बाहा’ ही खडबडीत रस्त्यावरील गाड्यांची स्पर्धा होऊ लागली. तिच्यात सर्वांना एकच, सुमारे दहा अश्वशक्तीचे इंजिन दिले गेल्याने निवडीचा प्रश्नच उद्भवला नाही. २०११ मध्ये चेन्नईजवळ ‘सुप्रा’ ही एकआसनी गाड्यांची स्पर्धा सुरू झाली, पुढे कोइंबतूर येथे ‘फॉर्म्युला भारत’ भरू लागली आणि तेथे विद्यार्थ्यांसमोर सर्बिटनचाच प्रश्न उभा राहिला : इंजिन कोणते घ्यावे?

परदेशी संघ बहुधा ६०० सीसीची चार सिलिंडरी जपानी इंजिने वापरीत. भारतात ती जुन्या, आयात केलेल्या मालातून मोठ्या किमतीला मिळत आणि त्यांचा एक भाग तुटला तर स्पर्धा हुकण्याची वेळ येई. बुलेटचे ५०० सीसीचे इंजिन मिळण्यासारखे होते. पण ते जड आणि मंद फिरणारे होते. २०१३ मध्ये परिस्थिती बदलली. पुण्याजवळ चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम ३९० ड्यूक त्या वर्षी बाजारात आली. ८९ मिलिमीटर बोअर आणि ६० मिलिमीटर धाव असलेले तिचे ३७३ सीसीचे एका सिलिंडरचे इंजिन पाण्याने थंड होणारे, सहा गिअरचे आणि सुमारे ४३ अश्वशक्तीचे होते. गाडीचे वजन २२० आणि चालकाचे ७० किलोग्रॅम धरले तर दर टनामागे १४८ अश्वशक्ती येते. १९४६ च्या जॅपच्या आकड्याजवळ भारतीय बाजारात मिळणारे मोटारसायकलचे इंजिन प्रथमच पोहोचले, आणि तेही मिथेनॉलवर नव्हे, पंपावरच्या पेट्रोलवर.

६०० सीसीच्या इंजिनाची मूळ शक्ती शंभराहून अधिक असताना ४३ अश्वशक्तीचे इंजिन घेणे हा निव्वळ नाइलाज होता काय? स्पर्धेच्या नियमाकडे पाहिले की तसे वाटत नाही. इंजिनाची कमाल क्षमता आरंभी ६१० सीसी होती, पुढे ती ७१० करण्यात आली. पण खरी मर्यादा वेगळीच आहे. इंजिनात जाणारी सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच छिद्रातून गेली पाहिजे. हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला की त्या छिद्रातून अधिक हवा जाऊच शकत नाही. सामान्य तापमान व दाब धरून हिशेब केल्यास ही मर्यादा सेकंदाला सुमारे ७४ ग्रॅम येते. ६०० सीसीचे चार धावांचे इंजिन मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर सेकंदाला ६० लिटर, म्हणजे सुमारे ७२ ग्रॅम हवा ओढू पाहते. ते नेमके या भिंतीला जाऊन टेकते. त्यापुढे फिरवून काही हाती लागत नाही. ३७३ सीसीचे इंजिन ९,००० फेऱ्यांवर सुमारे २८ लिटर, म्हणजे ३४ ग्रॅम हवा घेते. छिद्राची अर्धी क्षमताही वापरली जात नाही.

अर्थात हा सरासरीचा हिशेब झाला. एकच सिलिंडर असलेले इंजिन सतत श्वास घेत नाही; चार धावांपैकी एकीतच ते हवा ओढते, त्या क्षणी मागणी सरासरीच्या कितीतरी पट होते आणि छिद्र अडवते. त्यासाठी छिद्र आणि इंजिन यांच्यामध्ये हवेची एक मोठी डबी ठेवावी लागते. ती किती मोठी असावी यावर संघांचे मतभेद होतात : लहान ठेवली तर इंजिन गुदमरते, मोठी केली तर पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन उशिरा प्रतिसाद देते. तरीही मोठ्या इंजिनाची बरीचशी शक्ती नियमानेच काढून घेतल्यावर हलके इंजिन स्पर्धेत येते, हे स्पष्ट आहे.

मार्गाचे स्वरूपही लहान इंजिनाला अनुकूल असते. या स्पर्धांतील पल्ल्याच्या शर्यतीचा मार्ग मुद्दाम वळणावळणाचा आखला जातो. सरासरी वेग ताशी पन्नास-पंचावन्न आणि कमाल सुमारे १०५ किलोमीटर राहावा अशी त्याची आखणी असते. ३९० चे मूळ स्प्रॉकेट पुढे १५ आणि मागे ४५ दातांचे. १.६ मीटर परिघाच्या चाकांवर, शेवटच्या गिअरमध्ये, ९,००० फेऱ्यांना ती गाडी ताशी १२८ किलोमीटर धावेल. एवढा वेग तेथे लागतच नाही. मागे ५२ दातांचे स्प्रॉकेट बसवले की हा आकडा १११ वर येतो आणि वाचलेला वेग ओढ म्हणून परत मिळतो. ज्या दुकानात मोटारसायकलचे चेन-स्प्रॉकेट बदलले जाते तेथेच ही दुरुस्ती होऊ शकते. साखळी तुटल्यास चालकाला इजा होऊ नये म्हणून तिच्याभोवती किमान २.६६ मिलिमीटर जाड पोलादी पट्टीचे आवरण बसवणे नियमाने बंधनकारक आहे.

कागदपत्रांची बाजू :

सुटे नवे इंजिन विकत घेणे भारतात आजही सोपे नाही. त्यामुळे अपघातात मोडलेल्या मोटारसायकलीचे इंजिन घेण्याकडे कल असतो. मँक्स विकत घेऊन तिचा सांगाडा विकणाऱ्या ब्रिटिश स्पर्धकाशी याचे साम्य उघड आहे, परंतु येथे एक कायदेशीर गाठ आहे. भारतात इंजिनाचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. भंगारात गेलेल्या वाहनाची नोंदणी रद्द झाल्याचा कागद नसेल, तर ते इंजिन चोरीचे आहे की काय या शंकेचे निरसन करणे खरेदीदारास अवघड जाते. स्पर्धेच्या पटांगणावर एवढी चौकशी सहसा होत नाही. महाविद्यालयाच्या लेखापरीक्षणात मात्र ती होते, आणि पावतीविना घेतलेले इंजिन विद्यार्थ्यांच्या गळ्याशी येते.

रस्त्यावर तर अशी गाडी आणताच येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ नोंदीत बदल करणारे फेरफार निषिद्ध आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात ही बाब अधिक काटेकोर केली. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव असलेल्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे एका कारागिराने भंगारातील सुटे भाग जुळवून, मोटारसायकलप्रमाणे लाथ मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिची देशभर चर्चा झाली. एका मोठ्या वाहन उद्योगाच्या प्रमुखांनी तिचे जाहीर कौतुक केले आणि त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नसल्याने ती रस्त्यावर चालवणे फार काळ शक्य होणार नाही, हेही सांगितले. कारागिराला नवी बोलेरो मिळाली. त्याची जीप कंपनीने आपल्या संग्रहासाठी घेतली.

शर्यतीच्या मोटारीला या नियमांची अडचण नाही, कारण ती बंदिस्त मार्गावरच धावते व तेथे ट्रकवर लादून नेली जाते. म्हणूनच घरी बांधलेल्या मोटारीला भारतात आज जी जागा उरली आहे ती मुख्यतः शर्यतीच्या पथावर आहे. २०२३ मध्ये नव्या ३९० ड्यूकला ३९९ सीसीचे नवे इंजिन आले. ३७३ सीसीच्या इंजिनाभोवती रचलेले सांगाडे, आधाराच्या पट्ट्या आणि हवेच्या डब्या नव्या इंजिनाला जशाच्या तशा बसत नाहीत. ज्या संघांनी जुनी दोन-तीन इंजिने राखून ठेवली आहेत ते ती उघडून, बेअरिंग बदलून पुढच्या हंगामासाठी तयार करतात. इतरांना सांगाड्याचे रेखाटन पुन्हा पहिल्या नळीपासून करावे लागते.